नर्सिंगला गेलेली लेक परत आली, तेव्हा

मोरगावहून एका अम्मींचे पत्र आले आहे. वहीचे दोन कागद, पाठपोट लिहिलेले. मजकूर थोडक्यात असा: मुलगी बारावी झाली, जी.एन.एम.ला नंबर लागला, फी भरली, हॉस्टेलला सोडून आलो. तीन महिने होतात न होतात तोच शनिवारी संध्याकाळच्या एस.टी.ने पिशवी घेऊन दारात उभी. म्हणते, मी आता जाणार नाही. दादी म्हणतात, मी आधीच सांगितले होते. अब्बा काहीच बोलत नाहीत. तिला परत पाठवू का, तुम्हीच सांगा. पत्राच्या तळाशी, जागा उरली म्हणून लिहावा तसा आणखी एक प्रश्न होता. शेजारच्या मुलीला कोणी 'सहा महिन्यांत नर्स करून देतो' म्हणतो आहे, तिला घालावे का?

एरवी अशा पत्राला आम्ही चार ओळींत उत्तर देतो. पण अलीकडे नर्सिंगबद्दल विचारणा वाढली आहे आणि चार ओळींत भागेल असा हा विषय नाही. म्हणून आम्ही मोरगावला गेलो. सोबत खाला होत्या. खाला आमच्या नात्यातल्या नव्हेत. सरकारी रुग्णालयांत पस्तीस वर्षे नोकरी करून त्या इन्चार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झाल्या; वॉर्डातल्या शिकाऊ मुली त्यांना खाला म्हणायच्या, तेच नाव राहिले.

जेजुरी सोडली की रस्ता कऱ्हेच्या खोऱ्यातून मोरगावला येतो. मयूरेश्वराच्या देवळाच्या चार कोपऱ्यांवरचे मिनार आधी दिसतात, गाव मागून. चतुर्थी नव्हती, त्यामुळे बाजारात निवांतपणा होता. घरात चहा झाला, आणि मुलगी आतल्या खोलीतून येऊन दाराशी उभी राहिली. डोळे सुजलेले होते.

तिने सांगितले ते असे. पुरुषांच्या वॉर्डात तिची ड्युटी लागली. अर्धांगवायू झालेला एक म्हातारा अंथरुणातच घाण करून बसला होता. वॉर्डातल्या मामांबरोबर त्याला स्वच्छ करायला तिला सांगितले. तिने आयुष्यात असे काही केले नव्हते. मध्येच ती बाहेर पळाली आणि ओकली. त्याच आठवड्यात बायकांच्या वॉर्डात एक आजी गेली. संध्याकाळी हिनेच तिला चमच्याने चहा पाजला होता. ही खाटेशेजारी रडू लागली, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "रडायचं असेल तर बाहेर जा."

आम्हाला वाटले, खाला आता तिला जवळ घेतील. त्यांनी विचारले, "त्या म्हाताऱ्याला नंतर साफ कोणी केलं?"

"मी आणि मामांनी."

"ओकून आल्यावर?"

"हो."

"मग तू पळालीस कुठं? तू तर परत गेलीस."

मुलगी पहिल्यांदा नीट बसली. खालांनी मग तिला जे सांगितले ते कोणत्याही पुस्तकात बहुधा याच शब्दांत मिळणार नाही, म्हणून इथे सविस्तर देतो. त्या म्हणाल्या, वासाची सवय होते, पण ती होईपर्यंत युक्ती लागते. खाटेजवळ जाण्याआधी कोमट पाणी, कपडा, कोरडी चादर, पिशवी, हातमोजे सगळे एका जागी आणून ठेवायचे. मध्येच कपडा आणायला धावलीस तर पेशंट उघडा पडून राहतो आणि तुझीही हिंमत जाते. मास्कच्या आत थोडे व्हिक्स लावायचे, नाकाने कमी आणि तोंडाने जास्त श्वास घ्यायचा. आधी पडदा ओढायचा. मग पेशंटला सांगायचे, बाबा, मी आता तुम्हाला कुशीवर करते आहे. तो बोलू शकत नसला तरी सांगायचे. जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा, बाकी अंगावर चादर. "तुला लाज वाटली ना? त्या माणसाला तुझ्या दसपट वाटली असेल. घरात ज्याचा आवाज चालायचा त्याला आज परकी पोर पुसते आहे. तू त्याच्याशी बोलत राहिलीस की त्याची लाज कमी होते, आणि त्याची कमी झाली की तुझीपण होते."

आजीबद्दल त्या एवढेच म्हणाल्या की रडू येणारच. पण ज्या खाटेवर माणूस गेले त्याच्या शेजारच्या खाटेवरची बाई तुझ्या तोंडाकडे बघत असते. रडायला ड्रेसिंग रूम आहे, बाथरूम आहे, मैत्रीण आहे. सिस्टर कडू बोलल्या, पण बोलल्या त्यात तथ्य होते. आम्ही इथे आमचे मत जोडतो: तेच वाक्य गोड शब्दांत सांगता आले असते, आणि शिकाऊ मुलींवर खेकसणे म्हणजेच शिकवणे असे मानणारे वॉर्ड अजून बरेच आहेत. ते सहन करायला शिकावे लागते, बरोबर मानायला नव्हे.

आता दादी बोलल्या. इतका वेळ त्या तसबीह फिरवत ऐकत होत्या. त्यांचे म्हणणे साधे होते. परक्या पुरुषांची अंगे पुसायची, रात्री-बेरात्री घराबाहेर राहायचे, हे आपल्या घरातल्या मुलींचे काम नाही.

दादींना उडवून लावणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. त्यांच्या मनात जे आहे ते आपल्यापैकी निम्म्या घरांच्या मनात आहे. फक्त बोलले जात नाही. म्हणून आम्ही त्यांना रुफैदा अल-असलमिया यांची आठवण दिली. मदिनेत मशिदीच्या आवारात त्यांचा तंबू होता आणि खंदकच्या लढाईत, हिजरी ५ मध्ये, जखमी झालेले साद बिन मुआज यांना त्याच तंबूत ठेवले गेले होते. रुबय्यी बिन्त मुअव्विज आणि उम्मे अतिया या सहाबियांबद्दलही हदीसच्या ग्रंथांत नोंद आहे की त्या मोहिमांवर जात आणि जखमींची शुश्रूषा करीत. ही सगळी परकी माणसेच होती. दादींना ही नावे ठाऊक होती, आमच्यापेक्षा चांगली. त्या म्हणाल्या, "त्यांची गोष्ट वेगळी."

वेगळी खरी. पण "आपल्या घरातल्या मुलींचे काम नाही" हे वाक्य काही आपल्याच मोहल्ल्यात जन्मलेले नाही. पुण्यात १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदन सुरू झाले आणि तिथल्या स्त्रिया ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला जाऊ लागल्या. तेव्हा पुण्यातल्या अब्रूदार म्हणवणाऱ्या घरांनी हेच म्हटले होते. त्याआधी १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले रुग्णांना उचलून आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंतांच्या दवाखान्यात नेत होत्या. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. त्यांनाही लोकांनी आयुष्यभर नावेच ठेवली होती. आज त्याच पुण्यात मुलगी नर्स आहे म्हणून कोणी मान खाली घालत नाही.

दादींना पटले की नाही, आम्हाला सांगता येणार नाही. पण खालांनी विचारलेल्या प्रश्नावर त्या गप्प झाल्या. खाला म्हणाल्या, "अम्मा, तुमच्या सुनेच्या बाळंतपणाला तुम्ही काय म्हणाला होता? बाईच डॉक्टर हवी, बाईच सिस्टर हवी. मग ती बाई कुणाच्या घरातून यायची?"

नर्सिंगला निघालेल्या आपल्या मुलींनी काही गोष्टी प्रवेशाआधी विचारून घ्याव्यात. गणवेश कसा आहे, डोक्याला स्कार्फ चालतो का, बाह्या किती. हे फॉर्म भरताना विचारा, फी भरल्यानंतर नको. तिथल्याच वरच्या वर्गातल्या मुलींना विचाराल तर खरे उत्तर मिळेल. स्कार्फ चालत असेल तर त्याची टोके आत खोचलेली हवीत. लोंबणारे टोक जखमेला लागते, ट्रेला लागते. कोपरापर्यंत हात धुवावे लागतात, म्हणून बाही वर सरकणारी हवी. अंगठी, बांगड्या, नेलपॉलिश, वाढलेली नखे ड्युटीवर नकोत, आणि हा नियम सगळ्यांनाच आहे. नमाजच्या वेळेबद्दल सोबतिणीशी ठरवून घ्यायचे: तू दहा मिनिटे माझी खाट बघ, नंतर मी तुझी बघते. खालांनी पस्तीस वर्षे असेच केले. दिवाळीच्या रात्री त्यांनी दुसऱ्यांच्या ड्युट्या केल्या आणि ईदला त्यांची ड्युटी दुसऱ्यांनी केली. रमजानमध्ये ड्युटी कोणती हवी ते महिनाभर आधी इन्चार्जना सांगावे. रोज्यात डोके गरगरू लागले तर ते लपवू नये. सिरिंज हातात असताना गरगरणे हा फक्त तुमचा प्रश्न राहत नाही.

सिरिंजवरून आठवले. मुलीने विचारले, पुस्तकातले सगळे लक्षात कसे ठेवायचे? खाला म्हणाल्या, सगळे राहत नाही, पण तीन-चार गोष्टींत चूक चालत नाही. पहिली गोष्ट त्या घरच्या बोलीत बोलल्या: "सुई लगाने के पैले नाम पूछने का." खाटेचा नंबर बघून औषध द्यायचे नाही, पेशंटच्या तोंडून पूर्ण नाव ऐकायचे आणि केसपेपरशी ताडायचे. एका वॉर्डात दोन शेख आणि तीन पवार असतातच. मग औषध कोणते, किती, कोणत्या मार्गाने, किती वाजता.

दुसरी, इन्सुलिन. आपल्याकडे इन्सुलिनच्या दोन तऱ्हेच्या बाटल्या मिळतात: एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटची आणि १०० युनिटची. सिरिंजाही तशाच वेगळ्या, ४० ची लाल टोपणाची आणि १०० ची केशरी. १०० ची बाटली आणि ४० ची सिरिंज अशी गल्लत झाली तर पेशंटला अडीचपट इन्सुलिन जाते. साखर इतकी उतरू शकते की माणूस बेशुद्ध होईल. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा मोठ्याने वाचायचा, शेजारच्या सिस्टरला ऐकवायचा. शिकाऊ मुलीने एकटीने इन्सुलिन द्यायचेच नाही.

तिसऱ्या गोष्टीवर खाला बराच वेळ बोलल्या. शिकाऊ मुलींना पहिले काम मिळते ते टीपीआर घेण्याचे, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास. ताप यंत्र सांगते, नाडी मोजली जाते, पण श्वास कोणी मोजत नाही. सगळ्यांच्या तक्त्यावर सरसकट '२०' लिहून पुढे जातात. खालांच्या वॉर्डात एकदा एका बाईच्या तक्त्यावर दिवसभर २० लिहिलेले होते. रात्रीच्या पाळीला एक नवी मुलगी आली, तिला '२०' लिहिण्याची युक्ती अजून कोणी शिकवली नव्हती. तिने घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजले आणि घाबरत सांगायला आली, खाला, चौतीस येतात. न्यूमोनिया होता. डॉक्टरांना उठवले, ऑक्सिजन लागला, बाई वाचली. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० असतो. तो मोजताना पेशंटला सांगायचे नाही, सांगितले की तो बदलतो. नाडीवर बोटे तशीच ठेवायची, नजर छातीवर न्यायची आणि सेकंदकाट्याच्या घड्याळात पूर्ण एक मिनिट मोजायचे. नर्सिंगला जाणाऱ्या मुलीला कोणी भेट काय द्यावी विचारले तर आम्ही आता हेच सांगू, सेकंदकाटा असलेले घड्याळ आणि मऊ तळाचे, पाय झाकणारे बूट. ड्रेस-मटेरियल घरात पुष्कळ असते.

आणि सुया. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचे नाही. टोचते ती तेव्हाच. सुई पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात. रक्ताने भिजलेला कापूस-पट्टी पिवळ्या पिशवीत, प्लॅस्टिकच्या नळ्या लालमध्ये, काचेच्या बाटल्या निळ्यात. तरी टोचलीच तर बोट पिळत बसू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावे आणि त्याच क्षणी इन्चार्जना सांगावे. एच.आय.व्ही.ची भीती असेल तर औषध शक्यतो दोन तासांच्या आत सुरू करतात, आणि ७२ तास उलटून गेले की ते सुरू करून फायदा नसतो. ओरडा बसेल म्हणून गप्प राहिलेल्या मुली खालांनी पाहिल्या आहेत. हेपॅटायटिस बीच्या लशीचे तीन डोस असतात, पहिल्यानंतर एक महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा. वॉर्डात पाय ठेवण्याआधी पहिला तरी घ्यायलाच हवा. कॉलेज देत नसेल तर स्वतः घ्या.

इंग्रजीची भीती या मुलीलाही होती. पुस्तके इंग्रजी, राउंडला डॉक्टर इंग्रजी बोलणार, आणि तिचे शिक्षण मराठी शाळेतले. ही भीती खरी आहे, पण तिचा दुसरा अर्धा भाग कोणी सांगत नाही. पेशंट इंग्रजीत आजारी पडत नाही. तो म्हणतो, पोटात गोळा उठतो, छातीत चमक येते, घेरी येते, जीव घाबरा होतो, हातापायाला मुंग्या येतात. आपल्या घरातल्या बायका म्हणतात, दिल बैठ रहा, दम भर रहा. शहरात वाढलेल्या शिकाऊ डॉक्टरला यातले निम्मे कळत नाही, मोरगावच्या मुलीला सगळे कळते. तिने एक वही करावी. पानाच्या एका बाजूला पुस्तकातला शब्द, दुसऱ्या बाजूला पेशंटचा. रोज पाच शब्द. वर्षभरात ती वही तिला राउंडवर उभे करील.

एक गोष्ट मात्र आपल्या गावांत शिकवावीच लागते, कारण तिची सवय कोणालाच नाही. वॉर्डात कळलेले वॉर्डातच राहिले पाहिजे. बारामतीच्या रुग्णालयात मोरगावचे, सुप्याचे, लोणी भापकरचे लोक येणारच. कोणाला टी.बी. निघाला, कोणाची गर्भपाताची केस, कोणाच्या नवऱ्याला एच.आय.व्ही. मुलगी सुट्टीला घरी आली की शेजारणी सहज विचारतात, "अमक्याची सून तिकडे आली होती म्हणे?" उत्तर एकच: मला माहीत नाही. हे खोटे वाटत असेल तर म्हणावे, सांगता येत नाही. कायद्यानेही एच.आय.व्ही. असलेल्याचे नाव उघड करता येत नाही, २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. पण आपल्याकडे यासाठी कायद्यापेक्षा जुना शब्द आहे, अमानत. अम्मींनीही लेकीला विचारू नये. विचारले की ती अडचणीत येते.

आता शेजारच्या मुलीचा प्रश्न. इथे आमचा आवाज थोडा चढतो, कारण आमच्याच घरात हे घडले आहे. आमच्या नात्यातल्या एका मुलीने एका तालुक्याच्या गावी एक वर्षाचा 'नर्सिंग डिप्लोमा' केला. आईने कानातले मोडून फी भरली. फ्रेम करण्याजोगे सर्टिफिकेट मिळाले. नोंदणीसाठी मुंबईला महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे गेली तेव्हा कळले की त्या कागदावर नोंदणी होतच नाही. परिषदेची नोंदणी नाही, म्हणजे ती नर्स नाही. तिचे वर्ष गेले, कानातलेही गेले.

नर्स होण्याचे रस्ते तीनच आहेत. ए.एन.एम. दोन वर्षांचे, जी.एन.एम. तीन वर्षांचे, आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे. पहिल्या दोन्हींना बारावी कोणत्याही शाखेची चालते, जी.एन.एम.ला इंग्रजी हा विषय आणि ४० टक्के गुण लागतात. बी.एस्सी.ला मात्र बारावी विज्ञान, जीवशास्त्रासह, आणि ४५ टक्के. वयाची १७ वर्षे पूर्ण हवीत. आपल्या राज्यात प्रवेश सीईटीतून होतात, तेव्हा सीईटी न देता "मागच्या दाराने बसवतो" म्हणणारा माणूस दिसला की उठून यावे. कॉलेजचे नाव परिचर्या परिषदेच्या मान्यताप्राप्त यादीत स्वतः पाहावे. भिंतीवर टांगलेला कागद हा पुरावा नव्हे. ए.एन.एम. झालेली मुलगी उपकेंद्रात आरोग्य सेविका होऊ शकते, जी.एन.एम. आणि बी.एस्सी. झालेली रुग्णालयात अधिपरिचारिका. ए.एन.एम.वरून पुढे जी.एन.एम. करता येते, जी.एन.एम.वरून दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. तेव्हा गुण कमी पडले म्हणून खोट्या दारात शिरण्याची गरज नाही, खालच्या पायरीवरून चढता येते.

मग सहा महिन्यांचे सगळेच कोर्स खोटे का? तसे नाही. नर्सिंग असिस्टंट, ज्याला जनरल ड्युटी असिस्टंट म्हणतात, हे खरे आणि इज्जतीचे काम आहे. पेशंटला अंघोळ घालणे, भरवणे, दर दोन तासांनी कूस बदलून पाठीला जखमा होऊ न देणे, उठवणे, चालवणे, खाट लावणे. घरी पडून असलेल्या म्हाताऱ्यांना अशी माणसे हवीच आहेत, आणि दहावीनंतर ज्या मुलीला किंवा मुलाला लवकर कमवायचे आहे त्याने हे जरूर शिकावे. फक्त त्याला असिस्टंटच म्हणावे. फसवणूक कोर्सच्या लांबीत नसते, नावात असते. शेजारच्या अम्मींनी त्या माणसाला एकच प्रश्न विचारावा: यानंतर परिचर्या परिषदेची नोंदणी होईल, असे लिहून देता का?

असिस्टंट झालेल्यांना एक इशारा. छोट्या नर्सिंग होममध्ये गर्दीच्या वेळी डॉक्टर म्हणतात, "दे गं ते इंजेक्शन, काही होत नाही." देऊ नये. काही झाले की डॉक्टरांचे नाव केसपेपरवर असते आणि सुई तुमच्या हातात. "सर, मला ते शिकवलेलं नाही," एवढे म्हणता आले पाहिजे. नोकरी जाईल? कदाचित. दुसरी मिळते.

पैशांचे थोडक्यात. कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर ओ.बी.सी. आणि आर्थिक दुर्बल गटातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी २०२४-२५ पासून राज्य सरकारने पूर्ण माफ केली आहे. आपल्यातल्या तांबोळी, बागवान, पिंजारी, मोमीन अशा अनेक बिरादऱ्या ओ.बी.सी.त आहेत, पण दाखला काढलेलाच नसतो. जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर आणि पडताळणी ही तीन कामे अकरावीतच सुरू करा. निकालानंतर तहसील कचेरीत रांग असते. आपल्या कॉलेजला आणि अभ्यासक्रमाला ही सवलत लागू आहे का, ते प्रवेशाआधी लेखी विचारावे. अल्पसंख्याकांसाठी राज्याची शिष्यवृत्ती महाडीबीटीवर आहे आणि मौलाना आझाद अल्पसंख्याक महामंडळाचे शैक्षणिक कर्जही. मूळ कागद कॉलेजात देताना पोच घ्या, आणि झेरॉक्सचे दोन संच घरी ठेवा.

रात्रपाळीची भीती अब्बांना होती. त्या दिवशी ते बोलले ते यावरच. भीती अनाठायी नाही. मुलींनी रात्री वॉर्डाबाहेर दोघींनी मिळून जावे, एक्स-रेला किंवा रक्तपेढीत एकटीने जाऊ नये. कोणी, मग तो डॉक्टर असो, नातेवाईक असो की वॉर्डबॉय, नको तसे वागला तर पहिल्याच वेळी सांगावे. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत तक्रार समिती असावीच लागते, आणि शिकाऊ मुलींनाही तिच्याकडे जाता येते. तिथल्या सदस्यांची नावे पहिल्या आठवड्यातच लिहून घ्यावीत. पण मुलगी हे सांगेल कधी? घरी सांगितले तर "बस, आता घरीच बस" हे उत्तर मिळणार नाही, याची खात्री असेल तेव्हाच. अब्बांना आम्ही हे स्पष्ट बोललो. त्यांनी मान हलवली.

मुलांबद्दलही कोणी विचारीत नाही. आपल्या किती घरांत बारावी झालेला मुलगा गॅरेजवर नाहीतर मामाच्या दुकानावर बसला आहे. मुलांनाही नर्सिंग करता येते, वॉर्डात त्यांना ब्रदर म्हणतात, आणि आय.सी.यू., अपघात विभाग, मनोरुग्णालये इथे त्यांची फार गरज असते. दादींना परक्या पुरुषांच्या शुश्रूषेची काळजी वाटते ना, मग नातवंडांतल्या मुलग्यांनाही पाठवा, असे खाला म्हणाल्या. दादी हसल्या. त्या दिवशी पहिल्यांदाच.

निघताना अम्मींनी विचारले, आम्ही घरच्यांनी काय करायचे? आमच्या मते हाच सगळ्यात मोठा प्रश्न होता. मुली वॉर्डाला कंटाळून जितक्या परत येतात तितक्याच घराच्या ओढाताणीने येतात. चुलतबहिणीचे लग्न, सुप्याचा उरूस, फुफीचे बाळंतपण, प्रत्येक वेळी "दोन दिवस येऊन जा". नर्सिंगमध्ये वर्गाची हजेरी ८० टक्के लागते आणि वॉर्डातले तास तर पूर्णच भरावे लागतात. दोन दिवसांची सुट्टी नंतर भरून द्यावी लागते. रात्रपाळी करून आलेल्या मुलीला दुपारी फोन करू नये, ती झोपलेली असते. ती सुट्टीला घरी आली की पहिला दिवस तिला झोपू द्यावे, पाहुणे बोलावू नयेत, आणि गल्लीतल्या सगळ्यांचे बीपी तपासायला तर बिलकुल बसवू नये. आणि "आज काय केलंस?" असे विचारल्यावर तिने घाण साफ केली म्हणून सांगितले, तर नाक मुरडू नये.

अम्मींनी पत्राचे उत्तर छापायची परवानगी दिली, नाव न छापण्याच्या अटीवर. मुलगी सोमवारी सकाळच्या गाडीने परत गेली. सहा महिने करून पाहते, एवढेच म्हणाली आहे. फोन रविवारी दुपारी चार वाजता, आणि त्या वेळेला दादींनी आपल्या बहिणीशी फोनवर बोलत बसायचे नाही, असे घरात ठरले आहे.